चित्र कोणाच्या हातचे?

दिवाळीच्या सुट्टीत अंगणात किल्ला उभा राहू लागला की मुलांच्या हातांची माती आठ दिवस सुटत नाही. दगडांच्या चळतीवर भिजवलेले पोते, त्यावर चिखलाचा लेप, उतारावर पेरलेले अळीव, वर सिंहासनावर महाराज आणि वाटेवर पहारा देणारे मावळे. या किल्ल्यांच्या स्पर्धा होतात आणि परीक्षक मंडळी संध्याकाळी घरोघर फिरतात. अशा फेरीत एक पेच हमखास पडतो. एका अंगणातला बुरूज एका अंगाला कललेला असतो, तटबंदी मध्येच संपलेली असते; पण चोरदरवाजा कोठे आहे आणि पाण्याचे टाके तेथेच का खणले, हे तो पोरगा दम न घेता सांगत सुटतो. दुसऱ्या अंगणात थर्मोकोलचे रेखीव बुरूज असतात, विजेच्या माळा असतात. मुलगा हात मागे बांधून उभा असतो आणि परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे वडील देत असतात. बक्षीस कोणाला द्यावे?

किल्ल्याच्या बक्षिसावाचून कोणाचे काही अडत नाही, म्हणून आपण हसून पुढच्या अंगणाकडे वळतो. परंतु हाच प्रश्न शाळेत चित्रकलेच्या तासाला येतो तेव्हा त्याला गुणांचा कागद चिकटलेला असतो, आणि मग तो हसण्यावारी नेता येत नाही. गणिताचे उत्तर बरोबर असते किंवा चुकलेले असते. चित्राला असे एकच उत्तर नसते. तांब्या वाकडा निघाला तो हात कच्चा म्हणून, की त्या मुलाला तो तसाच दिसला म्हणून, हे कागद सांगत नाही. मग गुण द्यायचे कोणी? ज्याने ते चित्र होताना पाहिले त्या शिक्षकाने, की ज्याने त्या मुलाला कधीच पाहिले नाही अशा परक्याने?

महाराष्ट्राने या प्रश्नाची दोन्ही उत्तरे देऊन पाहिली आहेत.

परक्याच्या नजरेवर भिस्त ठेवणारे उत्तर आपल्या परिचयाचे आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी रेखाकला परीक्षांना न बसलेले घर आपल्याकडे विरळा. राज्याचे कला संचालनालय १९६५ साली स्थापन झाले. या परीक्षा त्याहूनही जुन्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्य भूमिती आणि अक्षरलेखन. मुलगा ठरलेल्या वेळात, परक्या बाकावर बसून चित्र काढतो. त्या चित्रावर नाव नसते, असतो तो एक क्रमांक. तपासणाऱ्याला त्या मुलाचे गाव ठाऊक नाही, जात ठाऊक नाही, त्याचे वडील कोणत्या खुर्चीत बसतात हेही ठाऊक नाही. हा मोठाच गुण आहे. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीच्या निकालात अ ला ७, ब ला ५ आणि क ला ३ असे वाढीव गुण मिळू लागल्यापासून तर या अनामिकतेचे मोल फारच वाढले.

पण परक्याची नजर कागदाच्या पलीकडे पोहोचत नाही. परीक्षेला भाजीबाजार येईल, एस. टी. स्थानक येईल, पाऊस येईल, असा अंदाज बांधून मुलांकडून चार चित्रे महिनाभर घोटवून घेतली जातात. डावीकडे छत्री घेतलेली बाई, उजवीकडे झाड, मागे दोन घरे आणि कोपऱ्यात कुत्रा. एका रांगेतल्या दहा मुलांच्या कागदांवर एकाच कुत्र्याने शेपूट वर करावी, हा योगायोग म्हणता येत नाही. त्या चित्राचे नाव स्मरणचित्र. त्यात स्मरण असते खरे. पण ते पावसाचे नसते, सरांनी फळ्यावर काढलेल्या चित्राचे असते. त्या परक्या परीक्षकाने यातले काय ओळखावे? त्याच्यापुढे स्वच्छ, नेटका कागद येतो आणि तो प्रामाणिकपणे चांगली श्रेणी देतो.

दुसरे उत्तर शिक्षकावर भिस्त ठेवणारे. बालकांच्या शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा आला आणि पाठोपाठ २०१० साली आपल्याकडे पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले. त्यात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांना सत्रान्ती लेखी परीक्षा ठेवली नाही. सगळे मूल्यमापन आकारिक, म्हणजे वर्षभर मुलाला काम करताना पाहून शिक्षकाने करायचे. कल्पना फार सुंदर. जूनमध्ये रंगाला हात लावायला भिणारी मुलगी फेब्रुवारीत कागदभर निळा रंग सांडते, ही तिची खरी प्रगती, आणि ती पाहणारा जगात एकच माणूस असतो. तो म्हणजे तिचा शिक्षक.

मात्र या उत्तरालाही कीड लागायची ती लागलीच. प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद लिहायची. तर तयार नोंदींची पुस्तके बाजारात आली. 'रंगसंगतीची चांगली जाण आहे', 'चित्र आवडीने काढतो' अशी वाक्ये पटावरच्या क्रमाने वाटून दिली की काम झाले. आणि गुण? आपल्या वर्गातल्या पोराला कमी गुण द्यायला कोणाचा हात धजावतो? एक तर माया असते, दुसरे म्हणजे शेजारच्या शाळेने सढळ हाताने दिलेले असतात, आणि तिसरे, मुख्याध्यापकांच्या मेजावर निकालाचा तक्ता असतो. 'आपला तो बाब्या' ही म्हण शिक्षकाला लागू नाही असे थोडेच आहे!

शाळेने द्यायच्या गुणांचे वजन किती असते, हे दहावीच्या निकालांनी आपल्याला दाखवले आहे. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे २० गुण २०१९ च्या परीक्षेसाठी काढून घेतले होते. २०१८ साली ८९.४१ टक्के लागलेला निकाल त्या वर्षी ७७.१० वर उतरला. नव्या अभ्यासक्रमाचाही त्यात हात होता. पण ते गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. पुढे २०२१ मध्ये महासाथीमुळे परीक्षाच झाली नाही, सारे मूल्यमापन शाळांनी केले, तेव्हा निकाल ९९.९५ टक्के झाला. त्या आपत्तीच्या वर्षी मुलांना सांभाळून घेतले याबद्दल कोणी कुरकुर करू नये. तरी एवढे खरे की जो तराजू सगळ्यांनाच पास म्हणतो, त्याने वजन केले असे म्हणता येत नाही.

मग शिक्षकाचा विश्वास काढून घ्यावा काय? येथे इंग्लंडमधील एक रिवाज पाहण्यासारखा आहे. तेथे सोळाव्या वर्षी मुले जी. सी. एस. ई. परीक्षा देतात. तिच्यातील कला विषयात ६० टक्के गुण मुलाने शाळेत केलेल्या कामाच्या संचाला असतात आणि ४० टक्के परीक्षा मंडळाने दिलेल्या विषयावरील कामाला. या दुसऱ्या भागाची तयारी आधी करायची आणि शेवटचे दहा तास देखरेखीखाली बसून काम करायचे. दोन्ही भागांना गुण देतो तो शाळेचाच शिक्षक. हे काम माझे आहे, असे मुलगा सही करून सांगतो. ते त्याचेच आहे, अशी शिक्षक सही करतो. त्यानंतर मंडळाचा नियामक येतो. तो सगळी चित्रे पुन्हा तपासत नाही, काही नमुने पाहतो. शिक्षकाचा हात सगळीकडे सारखाच सढळ किंवा सारखाच आखडता आहे असे दिसले, तर त्या शाळेचे गुण त्या मानाने खालीवर केले जातात. मुलामुलांतला क्रम मात्र सहसा मोडला जात नाही. कारण कोणाचे काम कोणाहून सरस, हे शिक्षक जास्त जाणतो. आणि दुसऱ्या गावी सरस कशाला म्हणतात, हे नियामक जास्त जाणतो.

यात शिक्षकाचा अपमान आहे असे मला वाटत नाही. वाण्याच्या दुकानातली वजने ठरलेल्या मुदतीने सरकारी शिक्क्यासाठी नेतात. सचोटीचा वाणी त्याने रागावत नाही. उलट शिक्का गिऱ्हाइकाला दिसेल असे वजन ठेवतो. लबाडाचेच वजन खोटे होते असे नाही. रोज हाताळून लोखंडही झिजते. शिक्षकाची नजरही त्याच चाळीस चेहऱ्यांवर वर्षभर फिरून झिजते. तिला मधूनमधून दुसऱ्या नजरेशी ताडून पाहावे लागते.

पण त्याच इंग्लंडने या गोष्टीची उलटी बाजूही दाखवली. २०२० साली परीक्षा रद्द झाल्या, शिक्षकांनी अंदाजाने श्रेणी दिल्या, आणि त्या आवरण्यासाठी शाळेचे मागील निकाल व शिक्षकांनी लावलेला क्रम यांवरून गणिती सूत्र लावण्यात आले. १३ ऑगस्टला ए लेव्हलचे निकाल लागले तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी शेकडा सुमारे ३९ श्रेणी खाली आल्या होत्या. ज्या शाळेतून पूर्वी फारसे कोणी वर गेले नव्हते, तेथल्या हुशार मुलाला पूर्वीच्या मुलांच्या निकालाचा दंड झाला. चारच दिवसांनी, १७ ऑगस्टला, सरकारला ते सूत्र मागे घ्यावे लागले. त्या सूत्राने एकाही मुलाचे काम पाहिले नव्हते. काम न पाहता गुण खालीवर करणारा नियामक हा वजनाला शिक्का मारणारा नव्हे. या पेठेतले वाणी लबाड असतात असे ऐकून वजन कानसणारा होय.

तेव्हा शिक्षक हवा आणि त्याच्यावर, काम पाहून बोलणारा, परकाही हवा. एवढ्याने न्याय पुरा होईल काय? माझ्या मते अजून एक गोष्ट उरते, आणि तीच सर्वांत अवघड आहे. चित्र कोणाच्या हातचे, हे परक्याला कधीच कळत नाही.

म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात एक प्रसिद्ध जलरंगचित्र आहे: हातात दिवा घेतलेली स्त्री, बोटांआडून तांबूस उजेड झिरपतो आहे. 'ग्लो ऑफ होप' हे त्याचे नाव. कित्येक लोक ते राजा रविवर्म्याचे समजतात. वास्तविक ते आपल्या सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे, समोर उभे केले होते ते त्यांनी आपल्या मुलीला. इतक्या नामांकित चित्राच्या बाबतीत, इतक्या डोळ्यांना, हात ओळखता येत नाही; तर सातवीतल्या मुलीच्या कागदावर आकाश तिने रंगवले की तिच्या मामाने, हे दूरचा नियामक कसे सांगणार? साक्षीदार एकच. तो खोटे बोलला तर वर कितीही पंच बसवा, निवाडा खोटाच होणार.

म्हणून शाळेतल्या कलेच्या गुणांची खरी राखण बारीकसारीक सवयींत असते. पक्क्या चित्राबरोबर त्याची कच्ची रेखाटने जपून ठेवावीत, त्यांवर तारीख असावी. गुणांचे काम शाळेतच, शिक्षकाच्या डोळ्यांसमोर व्हावे. दोन शिक्षक असतील तर त्यांनी गुण टाकण्यापूर्वी एकमेकांची चित्रे शेजारी मांडून बोलावे. आणि शिक्षकाने आपली पेन्सिल मुलाच्या कागदाला लावू नये. यावर कोणी म्हणेल, हात धरून गिरवून घेण्याची आपली परंपरा आहे, धुळाक्षरांपासून आपण असेच शिकलो. मान्य. गिरवण्यात काही वावगे नाही. शिक्षकाने खुशाल वेगळ्या कागदावर दहा वेळा काढून दाखवावे. फक्त ज्या कागदाला गुण द्यायचे तो कागद मुलाचा राहू द्यावा.

एवढा सोवळेपणा कशासाठी, असेही कोणी विचारील. दोन गुण जास्त दिल्याने कोणाचे काय गेले? गेले ते एका न दिसणाऱ्या मुलाचे. शिक्षकापुढे जो मुलगा उभा असतो त्याच्याविषयी त्याला दया येते, आणि ती यावीच. पण दूरच्या कुठल्या तरी वस्तीशाळेत एक मुलगी स्वतःच्या हाताने वाकडा तांब्या काढून बसलेली असते. अकरावीच्या प्रवेशाच्या यादीत तिचे नाव एका गुणाने खाली सरकते. तिला सरकवणारा माणूस दुष्ट नसतो. तो आपल्या वर्गापुरता दयाळू असतो. न्याय म्हणजे दयेची उलटी बाजू असे आपण समजतो. मला वाटते, डोळ्यांसमोर नसलेल्या माणसावर केलेली दया म्हणजेच न्याय. समोरच्या मुलाची बाजू शिक्षकाने घ्यावी. त्या न दिसणाऱ्या मुलीची बाजू घेण्यासाठीच तो परका नियामक नेमलेला असतो.

आणि ज्याला उसन्या हाताचे गुण मिळतात त्याचे तरी भले होते काय? त्याच्या चित्राला अ मिळतो आणि त्याच वेळी तो मनाशी एक धडा शिकतो: आपल्याला दिसते ते खरे नव्हे, मोठ्यांनी दुरुस्त केलेलेच खरे. पुढे मोठेपणी हा माणूस एखादी सभा ऐकील, एखादी बातमी वाचील, तेव्हाही आधी दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहील. सात गुणांसाठी ही किंमत फार झाली.

सुट्टी संपत आली की शाळेने सांगितलेले चित्र काढायला मुले घरोघर बसतील. आकाशाचा एक कोपरा रंगवायचा राहून जाईल, माणसाचे पाय पुन्हा आखूड होतील. आपला हात ब्रशाकडे जाईल. त्या वेळी त्याच्या शेजारी बसावे, विचारावे, 'हा माणूस कोठे निघाला आहे रे?' आणि तो सांगेल ते ऐकून घ्यावे. कोपरा कोरा राहिला तर राहू द्यावा. त्या कोऱ्या कोपऱ्याइतकी खरी सही त्या चित्रावर दुसरी कोणतीच नसते.