जखम दाखवावी की झाकावी?



आजच्या वाचनात गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक आहे. ऑफिसच्या मगवर, जिमच्या भिंतीवर आणि इन्स्टाच्या बायोमध्ये सापडतो, तोच. कर्मावर तुझा अधिकार, फळावर नाही. हा आपल्याला इतका पाठ झालाय की त्याला प्रश्न विचारायचंच राहून जातं. म्हणून आज त्याच्यासमोर एक अवघड माणूस उभा करू या.

समजा, अमेरिकेतले एक आजोबा आहेत. वय नव्वदीच्या पुढे. १९५० ते १९५३ च्या कोरियन युद्धात लढलेले. तोफगोळ्याचा एक बारीक तुकडा अजून खांद्यात आहे. सत्तर वर्षं ते काही बोलले नाहीत आणि आता सैन्याकडे अर्ज करतायत, की मला पर्पल हार्ट हे पदक मिळावं. असे अर्ज तिथे खरोखर येतात. कधी सैनिक स्वतः करतो, कधी मुलगी किंवा नातू. माझा प्रश्न एवढाच, की कर्तव्य करून मोकळ्या झालेल्या माणसाने इतक्या उशिरा पदक मागावं का? हा अहंकार नाही का?

उत्तराआधी पदकाची माहिती घेऊ, कारण उत्तराचा अर्धा भाग तिथेच आहे.

जॉर्ज वॉशिंग्टनने ७ ऑगस्ट १७८२ रोजी सैनिकांसाठी जांभळ्या कापडाच्या हृदयाचं एक सन्मानचिन्ह सुरू केलं. पुढे जवळजवळ दीडशे वर्षं ते विस्मरणात गेलं. वॉशिंग्टनच्या दोनशेव्या जयंतीला, २२ फेब्रुवारी १९३२ रोजी, ते पर्पल हार्ट या नावाने परत आलं. आज ते शत्रूच्या हल्ल्यात जखमी झालेल्या किंवा मरण पावलेल्या सैनिकाला दिलं जातं. गंमत अशी की यासाठी शौर्य दाखवावं लागत नाही. शौर्यपदकाला वरिष्ठांची शिफारस लागते, इथे ती लागत नाही. जखम शत्रूमुळे झाली, वैद्यकीय उपचार घ्यावे लागले आणि त्याची नोंद आहे, एवढं जुळलं की तो सैनिकाचा हक्क ठरतो. पदकासोबत रोख रक्कम येत नाही. "हे या माणसाच्या बाबतीत घडलं" एवढंच ते पदक सांगतं.

मग वेळेवर का नाही मागितलं? विशीतल्या पोराच्या जागी स्वतःला ठेवून बघा. शेजारचा मित्र जागीच गेलाय आणि आपल्या खांद्यातून थोडं रक्त येतंय. अशा वेळी "माझीही जखम लिहून घ्या" म्हणायला जीभ उचलेल का? तिथल्या तिथे पट्टी बांधली जाते, गडी परत मोर्चावर जातो आणि कागद होतच नाही. कधी कागद झालेला असतो, पण राहत नाही. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसमधल्या सैनिकी दप्तराच्या इमारतीला आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात सेवा संपवलेल्या भूदलाच्या सैनिकांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात होत्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या. म्हणजे आपल्या या आजोबांची फाईलही बहुधा त्या राखेत गेली असणार. आता त्यांना तुकडीचे रोजचे अहवाल, घरी पाठवलेली जुनी पत्रं, सोबत्यांची शपथपत्रं, जे मिळेल ते गोळा करायचंय. आणि सोबती तरी किती उरलेत?

इथे आपल्यातला साधक लगेच म्हणेल, "कशाला हा खटाटोप? देवाने पाहिलंय ना!" याला शास्त्राचा आधारही आहे. सतराव्या अध्यायात भगवान सांगतात की सत्कार आणि मान मिळावा म्हणून केलेलं तप राजस असतं, ते टिकत नाही. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं सांगताना पहिलंच लक्षण येतं अमानित्व, म्हणजे मानाची हाव नसणं. त्यावर माउली किती रमून बोलतात, हे ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांना माहीत आहे.

पण मंडळी, त्याच दुसऱ्या अध्यायात थोडं मागे जा. चौतिसाव्या श्लोकात तेच भगवान अर्जुनाला बजावतात की प्रतिष्ठित माणसाला अपकीर्ती मरणापेक्षाही वाईट. दहाव्या अध्यायात विभूती सांगताना ते कीर्तीला आपलं रूप म्हणतात आणि त्याच श्लोकात स्मृतीलाही. मला वाटतं, किल्ली इथे आहे. मान आणि स्मृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान म्हणतो, मला इतरांपेक्षा वर बसवा. स्मृती म्हणते, जे घडलं ते पुसू नका. आजोबा यातलं काय मागतायत ते बाहेरून कळत नाही. ते फक्त त्यांना आणि अंतर्यामीला ठाऊक. पण दुसरी शक्यता आहे, एवढ्यानेच आपलं "अहंकार आहे" हे घाईचं उत्तर गळून पडतं.

आता सत्तेचाळिसावा श्लोक परत वाचा, आणि या वेळी शेवटपर्यंत. आपण पहिल्या अर्ध्यावर थांबतो. शेवटी भगवान म्हणतात, कर्म न करण्याचीही ओढ ठेवू नकोस. अर्ज भरणं, कागद शोधणं, खरं ते सांगणं हे कर्म आहे. मंजुरी हे फळ. श्लोक अर्जाला अडवत नाही, तो निकालाला चिकटू नकोस म्हणतो. आणि खरं सांगू? "मी कुणाकडे काही मागणार नाही" या ताठ मानेतही कधी कधी भरपूर मीपणा असतो. मग ओळखायचं कसं? पुढच्याच श्लोकात कसोटी आहे, समत्व. नकाराचं पत्र आल्यावर रात्री झोप लागते का, बघायचं.

नकार येऊ शकतो, हेही मान्य करायला हवं. पुरावा मागणारे अधिकारी दगडाच्या काळजाचे नसतात. खोटी पदकं मिरवणारेही जगात असतात. अमेरिकेत तर फायद्यासाठी अशा पदकांचा खोटा दावा करणं २०१३ पासून कायद्याने गुन्हा आहे. उद्या कुणी येऊन "मीही जखमी झालो होतो" म्हणालं आणि पदक मिळालं, तर ज्याने खरंच रक्त सांडलं त्याच्या पदकाला अर्थ काय उरला? म्हणजे कडक नियमही सत्याचीच राखण करतात. आणि तरीही एखाद्या खऱ्या माणसाला कागदाअभावी "नाही" ऐकावं लागतं. दोन्ही बाजूंना धर्म आहे आणि तरी कुणाच्या तरी वाट्याला अन्याय येतो. महाभारत वाचणाऱ्यांना हे नवीन नाही.

शिवाय व्यवस्थेची नजरही हळूहळूच उघडते. हिमदंशाने बोटं गेली तर हे पदक नाही. युद्धाने मनाला झालेल्या आघाताला ते देणार नाही, असं तिथल्या संरक्षण खात्याने २००९ मध्ये जाहीर केलं. जानेवारी २०२० मध्ये इराकमधल्या अल असद तळावर इराणची क्षेपणास्त्रं पडली. सुरुवातीला सांगितलं गेलं की कुणाला इजा नाही. नंतर शंभराहून जास्त जणांच्या मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं. आधी २९ जणांना पदक मिळालं, आणि २०२१ च्या अखेरीस आणखी ३९ जणांना मंजूर झालं. जखम तीच होती, ती दिसायला वेळ लागला.

आपल्याकडेही युद्धात जखमी झालेल्यांसाठी पराक्रम पदक आहे. आणि उशिराचं म्हणाल तर आपले मुरलीकांत पेटकर आठवा. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेलल्या, १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण मिळवलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मध्ये ४६ वर्षं गेली. अनेकांना तर त्यांचं नाव चित्रपट आल्यावर कळलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. युद्ध संपल्यावर गंगेच्या काठी मृतांना जलांजली देताना कुंती पांडवांना सांगते, कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. कर्ण तर गेला होता. त्याला आता काय मिळणार होतं? तरीही ते सांगणं आवश्यक होतं, कारण सत्याचं ऋण जिवंत माणसांवर होतं. युधिष्ठिराला जे दुःख झालं, ते त्याच्या वाट्याचंच होतं.

म्हणून मला वाटतं, निष्काम कर्माचा उपदेश कर्त्यासाठी आहे, देणेकऱ्याच्या सोयीसाठी नाही. फळाची आशा सोडायची ती सैनिकाने. देशाने "तू तर निष्काम आहेस ना" म्हणून हात वर करायचे नाहीत. आणि हे आपण घरात रोज करतो, बरं का! "आईला कुठे काय लागतं?" "बाबांनी कधी अपेक्षाच ठेवली नाही." टीममधला एकजण रात्रभर जागून काम उपसतो आणि आपण म्हणतो, "त्याला क्रेडिटची पडलेलीच नाही." त्याची निरपेक्षता ही त्याची साधना. ती आपली सुट्टी कशी होईल?

त्यामुळे आजोबांनी अर्ज करावा की करू नये, हे मी ठरवणार नाही. खरं असेल ते सांगून त्यांनी खुशाल मागावं आणि उत्तर विठ्ठलावर सोडावं, कारण तुकडा खांद्यात आहे तो मंडळाच्या सहीने तिथे आलेला नाही आणि नकाराने जाणारही नाही. पण कुणी आपल्यासमोर जखम उघडी केली, तर "आत्ता कशाला?" हा प्रश्न मात्र आपण विचारू नये. उशिरा बोलणारा माणूस बहुतेक वेळा इतकी वर्षं आपल्यालाच सांभाळून घेत असतो.

आजची साधना छोटी आहे. घरातल्या एखाद्या ज्येष्ठाला विचारा, "तुम्ही सोसलेलं असं काय आहे, जे कुणी कधी लिहून ठेवलं नाही?" मध्ये न बोलता ऐका. मग वहीत लिहा, नाव, गाव आणि साल घालून. दहाव्या अध्यायातली ती स्मृती, तिची सेवा अशीही करता येते.

राम कृष्ण हरी.