दुकान त्यांचं, तोंड कुणाचं?

सेन्सॉर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं आणीबाणी उभी राहते. २५ जून १९७५ ची रात्र. दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरच्या वर्तमानपत्रांची वीजच तोडली. मग ओळीओळीवर सरकारी माणसाची नजर. पण त्या सेन्सॉरात आपल्यासाठी एक सोय होती. तो दिसायचा. त्याला खुर्ची होती, शिक्का होता, शिव्या घालायला एक नाव होतं. २८ जूनला 'इंडियन एक्स्प्रेस'नं अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तेव्हा अक्षर न येणाऱ्या माणसालाही कळलं असेल की इथं कायतरी होतं आणि ते कुणीतरी गिळलं.

आता दुसरी तारीख घ्या. १७ सप्टेंबर २०२१. रशियाच्या संसदेची, दूमाची निवडणूक. तीन दिवसांच्या मतदानाचा पहिला दिवस. अलेक्सी नवाल्नीच्या लोकांनी 'स्मार्ट व्होटिंग' म्हणून मोहीम उभी केलेली आणि तिचं ॲप काढलेलं. काम सरळ होतं. तुमच्या मतदारसंघात पुतिनच्या 'युनायटेड रशिया'ला पाडू शकेल असा उमेदवार कोण, तेवढं सांगायचं. विरोधी मतं फुटू नयेत, एवढाच डाव. आपल्याकडं हेच काम कार्यकर्ते वस्तीत बसून, गल्लीगल्लीत बैठका घेऊन करतात. तिथं बैठक घेतली की पोलीस, म्हणून ते फोनमध्ये आणलं. नवाल्नी स्वतः तेव्हा तुरुंगात. त्याच्या संघटना कोर्टानं जूनमध्येच 'अतिरेकी' ठरवलेल्या. आणि मतदान सुरू झालं त्याच सकाळी ॲपलच्या आणि गूगलच्या, दोन्ही दुकानांतनं ते ॲप गायब. कोरी जागा नाही, शिक्का नाही. शोधलं तर सापडत नाही, बस्स.

कुणी काढलं? पुतिननं हात लावला नाही. कंपन्यांनी काढलं. रशियन सरकारनं त्यांच्या तिथल्या नोकरमाणसांवर खटले भरायची धमकी दिली होती. अमेरिकन वर्तमानपत्रांनी लिहिलं, की त्या धमकीत माणसांची नावंसुद्धा घेतली होती. म्हणजे पगारी माणसं ओलीस. कंपनीनं आपली माणसं तुरुंगात घालायला हवी होती, असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या जिवावर शूर होणं सोपं. पण ओलीस सोडवायला जे दिलं ते कंपनीच्या खिशातलं नव्हतं. रशियातल्या मतदाराचं होतं. त्याला कुणी विचारलं नाही.

(नवाल्नी आपला कुणी संत नव्हे. बाहेरनं पोटासाठी आलेल्या मजुरांविरुद्ध त्यानं २००७ मध्ये काढलेले व्हिडिओ बघितले तर आपल्यातल्या कुणाचंही डोकं फिरेल. पण मुस्कटदाबी ही मुस्कटदाबीच. तोंड आवडतं का नाही, हा प्रश्न नंतरचा. १६ फेब्रुवारी २०२४ ला तो आर्क्टिकमधल्या तुरुंगात मेला.)

मग याला सेन्सॉरशिप म्हणायचं का नाही? शिकलेली मंडळी म्हणतात, नाही. सेन्सॉर सरकारचा असतो. कंपनी खाजगी. दुकान तिचं, फळीवर काय मांडायचं ते ती ठरवणार. संपादक कविता परत पाठवतो, ती काय सेन्सॉरशिप असते?

या बोलण्यात तथ्य आहे, उगाच नाकारू नका. साभार परत आलेल्या कवितांचा आपल्या लोकांकडं ढीग आहे. त्याला जातीयता म्हणा, कंपूशाही म्हणा, पण सेन्सॉर म्हणता येत नाही. कारण दुसरी वाट होती. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. मग भाषणातला मजकूर त्यांच्या पोटात दुखायला लागला. हे गाळा, ते गाळा. बाबासाहेब बधले नाहीत, मंडळानं अधिवेशनच गुंडाळलं. पण बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चानं छापलं आणि ते जगभर गेलं. मंडळाकडं व्यासपीठ होतं, छापखाना नव्हता. सत्तरच्या दशकात आपल्या पोरांनी स्टेन्सिल कापून अंक काढले तेही याच जोरावर. शाई कुणाच्या बापाची नव्हती.

आयफोनवर हे चालत नाही. २००८ मध्ये ॲप स्टोअर उघडलं तेव्हापासून त्या फोनवर ॲप टाकायची सर्वसामान्य माणसाला एकच वाट, ॲपलच्या दारातनं. फोन तुम्ही विकत घेतलेला, पैसे मोजलेले, तरी त्यात काय जाईल ते विकणारा ठरवणार. अँड्रॉइडवर बाहेरनं टाकता येतं, पण फोन 'धोका आहे' म्हणून बोंब मारतो आणि साधा माणूस घाबरून मागं फिरतो. म्हणजे मंडळाचं व्यासपीठही त्यांचं, छापखानाही त्यांचा आणि वाचकाच्या घराचा उंबराही त्यांचाच. माझ्या मते प्रश्नाची गाठ इथं आहे. मालकी कुणाची हे विचारून उत्तर मिळत नाही. गावात दुसरी विहीर आहे का, ते विचारा.

'खाजगी आहे' हे बोलणं आपण पहिल्यांदा ऐकत नाही. चवदार तळ्याबद्दल महाडच्या सवर्णांनी डिसेंबर १९२७ मध्ये कोर्टात दावा लावला तो हाच, की तळं खाजगी मालकीचं आहे. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं यायला १९३७ उजाडलं. भाषणस्वातंत्र्याचं कलम १९ सरकारच्याच हाताला धरतं, असं २०२३ पर्यंत मानलं जायचं, हे खरं. पण कलम १५ चा दुसरा भाग वाचा. त्यात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तळी, रस्ते अशी नावं घेतलीत, आणि तिथं फक्त सरकारला बांधलेलं नाही, दुकानदारालाही बांधलंय. घटनासभेत 'दुकान' म्हणजे काय काय, असं विचारलं गेलं तेव्हा, २९ नोव्हेंबर १९४८ ला, बाबासाहेबांनी त्याचा अर्थ ऐसपैस सांगितला. माल विकणाराच नव्हे, मोबदल्यात सेवा देणाराही त्यात आला. ते कलम जात, धर्म, वंश, लिंग, जन्मस्थान यांच्यापुरतं आहे, राजकीय मताला ते लागत नाही. उद्या कोर्टात जाऊन हे कलम फडकवू नका, हसं होईल. पण विचार ध्यानात घ्या. दार अडवणारा सरकारी नसला तरी अडवलेला माणूस अडवलेलाच असतो, हे या देशाच्या घटनेला पक्कं ठाऊक आहे.

कंपनी आपल्या मनानंही दार लावते. मार्क फिओरे नावाचा अमेरिकन व्यंगचित्रकार. २००९ च्या डिसेंबरात ॲपलनं त्याचं ॲप नाकारलं. कारण काय, तर सार्वजनिक व्यक्तींची टिंगल! व्यंगचित्रकारानं दुसरं काय करायचं, भजन? पुढच्या एप्रिलमध्ये त्याला पुलित्झर मिळालं, बोभाटा झाला आणि ॲप मंजूर. जॉश बेगली या पोरानं २०१२ मध्ये अमेरिकन ड्रोनहल्ल्यांची नुसती नोंद देणारं ॲप केलं. कुठं बॉम्ब पडला, किती मेले, छापून आलेल्याच बातम्या. तेही पुन्हा पुन्हा परत आलं. या दोघांच्या बाबतीत सरकारनं फोन केल्याचं कुठं आलेलं नाही. दुकानदाराला आधीच कळतं, की साहेबाला काय आवडत नाही. आणि पुलित्झर नसलेल्यानं काय करायचं, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

पण खरी खोड वेगळीच. २०१९ मध्ये हाँगकाँगच्या पोरांनी रस्त्यावर लढा दिला. तेव्हा 'एचकेमॅप डॉट लाइव्ह' नावाचं ॲप निघालं. पोलीस कुठं आहेत, अश्रुधूर कुठं सोडलाय, ते लोकच नकाशावर टाकायचे. ऑक्टोबरात चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या 'पीपल्स डेली'नं ॲपलवर आग पाखडली आणि एक-दोन दिवसांत ॲप बाहेर. ॲपल म्हणालं, यानं पोलिसांवर हल्ले होतात. ते वेबसाइटवर चालू राहिलं, म्हणून काहींनी म्हटलं की बघा, वाट आहे की. असेल, पण दगडधोंड्यांची. आता सहा वर्षं पुढं या. ऑक्टोबर २०२५, अमेरिका. परदेशातनं आलेल्यांची धरपकड करणारं सरकारी खातं म्हणजे 'आइस'. त्याचे शिपाई कुठं दिसले ते सांगणारं ॲप 'आइसब्लॉक'. ॲटर्नी जनरल पॅम बाँडी यांनी ॲपलकडं ते काढायची मागणी केली, आणि ॲप त्याच दिवशी गेलं. कारण तेच, अधिकाऱ्यांच्या जिवाला धोका. एक सरकार बीजिंगचं, एक वॉशिंग्टनचं. दोघंही एकमेकांना हुकूमशहा आणि चोर म्हणतात. दुकानदार एकच, उत्तर एकच.

अमेरिकेत यावर जुना निकाल आहे. ऱ्होड आयलंड राज्यात तरुणांच्या नीतीसाठी म्हणून आयोग नेमला होता. तो पुस्तकांच्या वितरकाला पत्र पाठवायचा, अमुक पुस्तक आक्षेपार्ह आहे, सहकार्याबद्दल आभार. बंदी वगैरे काही नाही, नुसता सल्ला. मागनं पोलीस यायचा विचारायला, काय केलंत? वितरकानं पुस्तकं उचलली. १९६३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. दुसऱ्याच्या हातानं साप मारला तरी मारणारा कोण ते कळतंच की.

आता अवघड जागा. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्पचे लोक अमेरिकेच्या संसदेत घुसले. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा अड्डा 'पार्लर' या ॲपवर. गूगलनं ८ ला, ॲपलनं ९ ला ते काढलं, मग ॲमेझॉननं सर्व्हर बंद केले. आपल्यापैकी पुष्कळांना बरं वाटलं असेल. मलाही पार्लरसाठी रडू आलं नाही. हिंसेची चिथावणी म्हणजे मत नव्हे, हे आपण ॲट्रॉसिटी कायद्याच्या अनुभवानं जाणतो. पण त्या कायद्यात फिर्याद असते, तपास असतो, आरोपीला वकील मिळतो, अपील असतं. भले ते रडतखडत चालो. इथं तीन कंपन्यांनी तीन दिवसांत निकाल लावला. आणि त्याच आठवड्यात, ट्विटरनं ट्रम्पला हाकललं तेव्हा, ही सेन्सॉरशिप आहे म्हणून कोण ओरडलं? नवाल्नी. त्यानं लिहिलं, की हा पायंडा जगभरचे स्वातंत्र्याचे वैरी वापरतील, रशियातलेसुद्धा. आठ महिन्यांनी त्याचंच ॲप गेलं. जातीयवादी घाण काढा म्हणून आपण रोज या कंपन्यांकडं तक्रारी करतो. कराव्यातच. फक्त कायद्यानं काढा, कारण लेखी द्या, दुसऱ्या बाजूला ऐका, असं त्याच अर्जात मागावं लागेल. नुसतं 'काढा' म्हटलं की आपण त्या हाताला सवय लावतो.

आपल्याकडं तर लेखी कारणाचंच वावडं. आयटी कायद्याच्या कलम ६९अ खाली सरकार मजकूर अडवतं, आणि २००९ च्या नियमांतला सोळावा नियम म्हणतो की तक्रारी आणि कारवाई गुप्त ठेवायची. २९ जून २०२० ला टिकटॉकसकट ५९ चिनी ॲप एका फटक्यात गेली. सीमेवर रक्त सांडलं होतं, लोकांनी टाळ्या पिटल्या. ती यादी निदान जाहीर झाली.

युरोपियन युनियननं आपल्या हद्दीत एक गोष्ट केली. मार्च २०२४ पासून कायद्यानं ॲपलला आयफोनवर दुसऱ्यांची दुकानं उघडू द्यावी लागली. तिथंही प्रत्येक ॲप आधी ॲपलच्या तपासणीतनं जातं, म्हणजे विहीर दुसरी पण रहाटाला हात पहिल्याचाच. तरी सुरुवात झाली. आपल्याकडं अशी मागणी कुठल्या मोर्च्याच्या निवेदनात मी अजून वाचलेली नाही.

एप्रिल २०२४ मध्ये चीन सरकारच्या हुकमावरनं ॲपलनं तिथल्या दुकानातनं व्हॉट्सॲप काढलं. आपल्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा निरोप, ६ डिसेंबरच्या गाड्यांचं नियोजन, अत्याचाराची पहिली खबर, सगळं आज त्याच व्हॉट्सॲपवर चालतं. दोस्तांनो, तुमच्या शाखेत कार्यकर्त्यांचे नंबर आणि पत्ते कागदाच्या वहीत लिहिलेले आहेत का? असतील तर ती वही सध्या कुणाच्या घरी आहे?