बुडालेला शनिवार कोण भरून देणार?

न्यायालयाने मूल हजर करायला सांगितले आणि ज्याच्याकडे ते आहे त्याने ते आणलेच नाही, तर दंड किती? १०० रुपयांपर्यंत. हट्ट चालूच राहिला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला आणखी १० रुपये, आणि या वाढीव दंडाची कमाल मर्यादा ५००. हे १८९०च्या पालक आणि पाल्य अधिनियमाचे ४५वे कलम. मूल आणून देण्याचे कबूल करेपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवण्याची तरतूदही त्याच कलमात आहे. म्हणजे एका टोकाला रिक्षाभाड्याएवढा दंड आणि दुसऱ्या टोकाला थेट गजाआड. घटस्फोटित आईबापांची बहुतेक उल्लंघने या दोहोंच्या मधल्या मोकळ्या जागेत घडतात.

आदेश वाचायला साधा असतो. दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी अकरा ते एक, न्यायालयाच्या आवारातल्या मुलांच्या खोलीत भेट. दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी निम्मी-निम्मी. पहिल्याच शनिवारी साडेदहाला मेसेज येतो, 'ताप आहे'. पुढच्या खेपेला मामाचे लग्न निघते. त्यानंतर मूल येते, पण पावणेबाराला, आणि आजी दारातून हलत नाही. उलट बाजूही तितकीच चलाख. सुट्टीत नेलेले मूल रविवारी संध्याकाळी परत यायचे, ते मंगळवारी येते. मधल्या काळात फोन बंद आणि सोमवारची चाचणी बुडालेली. पोटगी थकली म्हणून भेट बंद, भेट नाही म्हणून पोटगी बंद, हे तर ठरलेलेच. कायदा या दोन गोष्टी वेगळ्या मानतो, आईबाप मानत नाहीत.

यातल्या एकेका प्रसंगासाठी कोणता न्यायाधीश कोणाला तुरुंगात धाडील? आणि धाडलेच, तर त्या रात्री मुलाला जेवू कोण घालणार?

मग अर्ज होतो. समोरच्याचा 'से', म्हणजे लेखी म्हणणे, यायला एक तारीख, युक्तिवादाला दुसरी, मध्ये न्यायालयाची सुट्टी. रोजनाम्यात मूल गैरहजर असल्याची नोंद पडत राहते. तीन वर्षांच्या मुलाचे सहा महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा सहावा हिस्सा. तेवढ्या अवधीत ते 'मला नाही जायचं' म्हणू लागते आणि तेच वाक्य पुढच्या अर्जात भेट रोखण्याचे कारण म्हणून हजर होते. आदेश मोडणाऱ्याला उशिराचा असा चोख लाभ मिळतो.

त्या वाक्याचे काय करायचे, यावर सर्वोच्च न्यायालयही अडखळत पुढे गेले आहे. बापाकडेच वाढलेल्या एका मुलीचा ताबा २०१७ साली न्यायालयाने आईला दिला. आईसोबत राहण्याची संधीच न मिळालेल्या मुलीच्या पसंतीला किती वजन द्यायचे, हा त्यामागचा विचार होता. पुढे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने बजावले, की मुलाचे मन कलुषित केल्याचा शिक्का घाईने मारू नका, तशा वागण्याचे ठोस प्रसंग दाखवा. दोन्ही बरोबर आहे. अडचण एवढीच, की ठोस प्रसंग सिद्ध करायला पुन्हा तारखाच लागतात.

पोलिसांकडे जाऊन फारसे साधत नाही. न्यायालयाची मनाई नसताना जन्मदात्या बापाने मूल आईकडून नेले तर ते अपहरण ठरत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२३ मध्ये दिला. मूल देशाबाहेर गेले तर सगळेच कठीण. मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८०च्या हेग करारात भारत सामील नाही. केनियात राहणाऱ्या एका बापाला २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ताबा दिला, तो भरपूर बंदोबस्त करून: नैरोबीच्या न्यायालयाचा तसाच आदेश आणायचा, एक कोटी रुपये अनामत ठेवायची. मूल गेले, आईशी ठरलेला संपर्क तुटला. २०२१ मध्ये न्यायालयाने आपला आदेश मागे घेतला, २०२२ मध्ये बापाला अवमानाबद्दल दोषी ठरवले. एक कोटींनीही जे साधले नाही ते १०० रुपयांनी साधेल, अशी आशा कोणी करू नये.

इतरत्र मधली जागा भरायचा प्रयत्न झाला आहे. इंग्लंडमध्ये भेटीचा आदेश मोडणाऱ्याला ४० ते २०० तास बिनपगारी समाजकाम करायला लावता येते. सहलीचे आगाऊ भरलेले पैसे बुडाले तर ते भरून द्यायला सांगता येते. ऑस्ट्रेलियातला उपाय अधिक शहाणा वाटतो: बुडालेल्या वेळेच्या बदल्यात तेवढाच वेळ. त्यात शिक्षेपेक्षा हिशेब जास्त आहे आणि तो मुलाच्या बाजूने मांडलेला आहे.

आपल्याकडे विधी आयोगाने मे २०१५ मध्ये २५७व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली. पण बुडालेली भेट लगेचच्या रविवारी आपोआप मिळेल, आजारपण सांगितले तर डॉक्टरची चिठ्ठी त्याच दिवशी पाठवावी लागेल, त्या दिवशी निदान दहा मिनिटे व्हिडिओ कॉल होईल, एवढे लिहायला नवा कायदा लागत नाही. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे दोघांनी संमतीने ठरवलेल्या अटींत, चार ओळी वाढवल्या तरी भागते. मसुदा करताना मात्र फ्लॅटच्या किमतीवर आणि पोटगीच्या आकड्यावर तासन्‌तास घासाघीस चालते आणि भेटीचा परिच्छेद 'उभयपक्षी सोयीनुसार' या दोन शब्दांत आटोपतो.