न घडलेल्याची स्मृती

चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर देबीप्रसाद रायचौधुरी यांचे श्रमाचा गौरव करणारे शिल्प १९५९ पासून उभे आहे. चार पुरुष अंगातले सारे बळ एकवटून एक शिळा हलवीत आहेत. शिल्पाला असा क्षण लागतो. स्मृतीलाही घटना लागते. देखभाल-दुरुस्तीच्या कामाला मात्र तसा क्षण नसतो. याच नगरीत पेरांबूर येथे नवे डबे घडविणाऱ्या रेल्वे कारखान्याचे उद्घाटन २ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. पेरांबूरलाच जुने डबे दुरुस्त करून पुन्हा मार्गस्थ करणारी कार्यशाळाही आहे. तपासलेल्या चाकाचे उद्घाटन कोणी करीत नाही. न झालेला अपघात हेच तेथील कामगाराचे कर्तृत्व. आणि जे घडलेच नाही, त्याचा इतिहास लिहिता येत नाही.

असा कामगार निवृत्त होतो, कालांतराने जातो. त्याने काय केले, हे घरच्यांनाही नेमके सांगता येत नाही. गळणारा नळ, कुरकुरणारे दार तेवढे त्याची आठवण काढते. संसारही त्याने तसाच, मोडण्यापूर्वी सावरीत, चालविलेला असतो.

मग त्याचे स्मरण कसे करावे? त्याच्या मूकपणाचे गोडवे गाणे सोपे आहे. परंतु त्यात ऋण फेडल्याचे खोटे समाधान असते. ज्याच्या सावधपणामुळे आपले दिवस निर्विघ्न गेले, त्याची आठवण विघ्न आल्यावरच व्हावी, यात स्मृतीपेक्षा नीतीचा दोष अधिक. त्याचे स्मरण तो हयात असतानाच सुरू व्हावयास हवे होते.