धुऱ्यावरची रुई राहू दे

अमरावती
मे महिना

चि. नातीस,

तुझा निरोप मिळाला. अमेरिकेतल्या मावशीनं अंगणात मिल्कवीड लावलं, त्यावर मोनार्क फुलपाखरं आली, त्याचे फोटो तुला पाठवले. आता तुलाही ते बी हवं आहे आणि अकोल्यात कुठं मिळेल, असं विचारतेस. बेटा, मागवू नकोस. मोनार्क काही वऱ्हाडात येत नाही. आणि मिल्कवीडच्या कुळातलं आपलं झाड तुमच्या कॉलनीच्या रिकाम्या प्लॉटवर उभंच असेल. रुई. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात, तीच.

या रुईवर मोनार्कचा सख्खा भाऊबंद वाढतो. इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात, मराठीत बिबळ्या कडवा. पंख नारिंगी, पुढच्या पंखांची टोकं काळी आणि त्यावर पांढरा पट्टा. त्याची अळी मोनार्कच्या अळीसारखीच पट्ट्यापट्ट्यांची असते. फरक ओळखायचा तर पाठीवरचे काळे धागे मोज. मोनार्कच्या अळीला दोन जोड्या, आपल्या अळीला तीन.

रुईच्या चिकात विष असतं, म्हणून गुरं तिला तोंड लावत नाहीत. ही अळी मात्र आधी पानाच्या शिरा कुरतडते, चिकाची वाट तोडते आणि मग निवांत खात बसते. खाल्लेलं विष अंगात साठवते. पुढं फुलपाखरू झालं तरी ते अंगात राहतं, त्यामुळं एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. या धाकाचा फायदा दुसरेही घेतात. डॅनाइड एगफ्लाय नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते, पण तिच्या अंगात ते विष नसतं. तिची अळी वाढते घोळीवर, आपण जिची भाजी करतो त्याच घोळीवर. तिचा नर काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके. शेजारी बसला तरी तो तिचा जोडीदार आहे, हे पटत नाही.

आता मावशी मिल्कवीड मुद्दाम का लावते, ते समजून घे. मोनार्क कॅनडा-अमेरिकेतून हिवाळ्यासाठी मेक्सिकोच्या डोंगरांत जातात. ती जागा संशोधकांना १९७५ साली सापडली. या प्रवासाच्या वाटेवर मका आणि सोयाबीनचे मोठे पट्टे आहेत आणि पूर्वी त्या पिकांत मिल्कवीड आपोआप उगवायचं. १९९६ पासून तिथं तणनाशकाला दाद न देणारं सोयाबीन आलं, मागोमाग मकाही. पीक उभं ठेवून ग्लायफोसेट हे तणनाशक मारता येऊ लागलं आणि शेतातलं मिल्कवीड गेलं. मोनार्क घटण्याचं हे एक मोठं कारण मानलं जातं. शेतातून गेलेलं झाड लोक आता अंगणात परत आणताहेत.

हे दूरचं वाटत असेल, तर तुझ्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. १० जून २०१९ ला अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथं शेतकरी संघटनेनं तणनाशकाला दाद न देणारं, मान्यता नसलेलं कपाशीचं बियाणं जाहीरपणे पेरलं. कास्तकाराची अडचण खरी आहे. निंदणाला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. त्याला दोष देऊन मी मोकळा होणार नाही. पण पऱ्हाटीत मारलेला फवारा धुऱ्यापर्यंत पोचतो आणि रुई उभी असते ती धुऱ्यावरच. शहरात फवाऱ्याचं काम गट्टू आणि सिमेंट करतात.

प्लेन टायगर आज दुर्मिळ नाही. अकोल्याच्या उन्हात, बाकी सगळं करपलेलं असताना रुई हिरवी राहते, फुलते, म्हणून त्याचंही निभावतं. तेव्हा तुला कुणाला वाचवायचं नाही. जे अजून आहे ते उपटू द्यायचं नाही, एवढंच. गेलेलं परत आणण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं.

घरी लावायची असेल तर कुंपणाच्या कडेला, उन्हाची जागा बघ. पिकून फुटलेल्या फळातली म्हातारी उडायच्या आत बी काढून ठेव आणि पाऊस लागला की पेर. मूळ खोल जातं, म्हणून जागा आधी ठरव, नंतर हलवू नकोस. झाड मोठं झालं की पावसाच्या तोंडावर छाट. कोवळी पालवी फुटते आणि मादी अंडी घालते ती बहुधा अशाच पानांवर, एकेक सुटं. माळेसाठी पानं तोडणाऱ्यांनाही सांग, आधी पान उलटून बघा.

चिकाची मात्र काळजी घे. तो डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. छाटताना मोठं माणूस जवळ असू दे, हात साबणानं धू आणि लहान भावाला तिथं खेळू देऊ नकोस.

नर्सरीत हळदीकुंकू नावाचं लाल-पिवळ्या फुलांचं रोप मिळतं. तेही मिल्कवीडच, पण मूळचं अमेरिकेतलं. कुंडीत चालेल, अळ्या त्यावरही वाढतात. फक्त नुकतं फवारलेलं रोप आणलंस तर पानं खाऊन अळ्या मरतील, म्हणून आधी विचारून घे. शेजारी वाफाभर ताग टाक. तागाच्या कुळातल्या झाडांतून प्लेन टायगरचे नर एक द्रव्य शोषून घेतात आणि त्यापासून मादीला भुलवणारा गंध तयार करतात.

तुझी आई घाबरेल. कास्तकाराच्या घरात वाढलेली ती, अळी म्हटलं की तिला गुलाबी बोंडअळी आठवते. तिला सांग, ही अळी रुईचं कूळ सोडून कपाशीवर, तुरीवर जात नाही. रुईवर पिवळा मावाही येईल. त्यावर औषध मारलंस तर अळ्याही जातील, म्हणून पाण्याच्या धारेनं धुऊन काढ, पण आधी अळ्या बघून घे. काही अळ्या माश्या-मुंग्यांच्या तोंडी जातील, काही आजारानं मरतील. सगळ्या जगवायच्या मागं लागू नकोस. पानं चाळणीसारखी झाली की बाग बिघडली असं लोक म्हणतील. म्हणू दे. न खाल्लेल्या पानांची रुई राखून फुलपाखराला काय उपयोग?

पहिला पाऊस पडला की तुमच्या कॉलनीत गवत काढायला माणूस येईल. त्याच्या आधी शेजाऱ्यांशी बोलून ठेव आणि तो आला की स्वतः जाऊन त्याला रुई दाखव. बी पेरण्याआधी हे काम कर.

आईबाबांना आशीर्वाद.

तुझे
आबा