नाद आणि नक्षी

उंची ध्वनियंत्रांच्या दुकानांत एक गोष्ट नित्य आढळते. एकाच जातीचा स्पीकर, आंतील यंत्ररचना तंतोतंत तीच; परंतु साध्या काळ्या रंगांत त्याची एक किंमत, आणि पियानोसारख्या झळाळत्या लॅकरमध्यें किंवा अक्रोडाच्या व्हीनीअरमध्यें दुसरी, बरीच चढी. नादाच्या रसिकानें हें वरचें मोल द्यावें काय? प्रश्न चैनीचा दिसतो. पण त्याच्या पोटीं सचोटीचा प्रश्न आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम कारागिराची बाजू ऐकली पाहिजे. उत्तम लॅकर पुटावर पूट चढवून, प्रत्येक पूट वाळल्यावर घांसून व अखेरीस पॉलिश करून सिद्ध होतें. एक ओरखडा राहिला तरी तें काम पुन्हां करावें लागतें. वेळ व कुशल हात यांना मोल आहे. म्हणून या किंमतीस सरसकट लूट म्हणणें अन्यायाचें होईल. मात्र खर्चाचीं दोन खातीं वेगळीं ठेवावीं. पेटीच्या भिंती जाड, ताठ व आंतून आडपट्ट्यांनीं बांधलेल्या असल्या म्हणजे पेटी स्वतः थरथरून आपला सूर मिसळीत नाहीं. हा खर्च कानांसाठीं. वरच्या पापुद्र्याचा खर्च डोळ्यांसाठीं.

हीं दोन खातीं कशीं वेगळीं राखावीं, याचा धडा मिरजेस मिळतो. पूर्वीं शस्त्रें घडविणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेब यांच्यापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासून, तेथें सतारी व तंबोरे घडत आले आहेत. २०२४ सालीं त्या दोहोंस भौगोलिक मानांकनहि मिळालें. पंढरपूर भागांतून येणारा भोपळा केवढा व कसा वाळलेला आहे, घोडीवर जवारी कशी लागली आहे, यांवर तंबोऱ्याचा झंकार ठरतो. वेलबुट्टीनें तंबोरा देखणा होतो, महागहि होतो. परंतु तंबोरा पारखणारा गवई तारा छेडून जवारी ऐकतो. नक्षीकडे बोट दाखवून त्यास मुका तंबोरा विकतां यावयाचा नाहीं.

कोणी म्हणेल, यंत्राच्या गिऱ्हाइकासहि कान आहेतच कीं! आहेत; पण डोळे उघडे असतां ते स्वतंत्र राहत नाहींत. १९९४ मध्यें फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह या संशोधकांनीं ४० श्रोत्यांकडून स्पीकर दोन तऱ्हांनीं पारखून घेतले: एकदां पडद्याआड ठेवून, एकदां समोर मांडून. स्पीकर दिसूं लागतांच त्याच श्रोत्यांचे निकाल बदलले. म्हणजे शोभा निरुपद्रवी नाहीं; ती आपला अभिप्राय नकळत विकत घेते. विक्रेता जेव्हां लॅकरची किंमत सांगतां सांगतां नादहि खुलतो असें सुचवितो, तेव्हां तो याच दौर्बल्याचा व्यापार करितो. आणि गिऱ्हाईक जेव्हां चकाकीवर भाळून आपण स्वरांवर भाळलों असें सांगतें, तेव्हां तें स्वतःस फसवितें. आमचा आक्षेप यावर आहे, सौंदर्यावर नाहीं.

सौंदर्याची गरज तर खरीच आहे. मीरा-भाईंदरमधील काशीगांवासारख्या ठिकाणीं, बेताच्या दिवाणखान्यांत, स्पीकर ऐकावयाचा तासभर, पण पाहावयाचा दिवसभर. घरच्या मंडळींस तो देखणा हवा असेल, तर त्यांत गैर कांहीं नाहीं. तरी त्याच खोलींत उघड्या फरशीवर व भिंतींवर आदळून नाद परततो; एका जाड गालिच्यानें व पडद्यानें जो फरक पडेल, तो कोणत्याहि लॅकरनें पडणार नाहीं.

म्हणून आमची सूचना साधी आहे. आधीं यंत्र पडद्याआड ठेवून ऐकावें आणि नादापुरतें मोल ठरवावें. मग डोळे उघडून, परवडत असल्यास, अक्रोडाचें मोल अक्रोडाचें म्हणूनच द्यावें, आणि मुलांनीं विचारलें तर त्यांसहि तसेंच सांगावें. ज्या घरांत मुलें चकाकीस स्वर म्हणावयास शिकतील, त्या घरांत उद्यां गवयाची पारखहि त्याच्या शेल्यावरून होईल.