जंगलात मूल आलं कुठून?

एप्रिल 2017 मध्ये उत्तर प्रदेशातल्या बहराइचची ‘मोगली गर्ल’ जगभर गाजली. कतर्नियाघाटच्या जंगलात म्हणे तिला माकडांनी वाढवलं. तिला बोलता येत नव्हतं, ती अधूनमधून हातापायांवर चालायची. तेवढ्यावर गोष्ट उभी राहिली. वनाधिकाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. मुलगी रस्त्यालगत सापडली होती. जिथे गस्त असते, कॅमेरे लावलेले असतात, तिथे मूल वर्षानुवर्षं राहिलं असतं तर कधी तरी दिसलंच असतं. तिला घरच्यांनीच सोडलं असावं.

माकडांची चर्चा झाली, सोडून जाणारी माणसं सुटली.

हे नवं नाही. फ्रान्समध्ये 1800 साली जंगलातून सापडलेल्या, ‘रानटी मूल’ म्हणून गाजलेल्या व्हिक्टरच्या गळ्यावर जुन्या जखमेचा लांब व्रण होता. तो जंगली जनावराचा नव्हे, धारदार शस्त्राचा वाटत होता. डॉ. इतार यांनी त्याला सुमारे पाच वर्षं शिकवलं. बोलणं दोन-चार शब्दांपुढे सरकेना, तेव्हा त्यांनी प्रयत्न सोडले. त्याचं खाणंपिणं पाहणाऱ्या गेरँबाईंनी मात्र 1828 मध्ये तो मरेपर्यंत त्याला सांभाळलं. त्यांचे पती वारले तेव्हा व्हिक्टरने सवयीने त्यांचंही ताट मांडलं. बाईंना रडू कोसळलेलं पाहून त्याने ते उचलून कपाटात ठेवलं, पुन्हा कधी मांडलं नाही. अशा मुलाला रानटी म्हणायचं कसं?

वऱ्हाडातही टाकून दिलेली मुलं कचराकुंडीत, रेल्वे फलाटावर, बसस्थानकावर सापडतात. परतवाड्याजवळ, मेळघाटच्या पायथ्याशी वझ्झरच्या बालगृहात शंकरबाबा पापळकरांनी अशा 123 बेवारस, दिव्यांग लेकरांना आपलं नाव दिलं. बाप म्हणून कागदावर बाबाच. या मुलांनी तिथल्या उजाड माळावर हजारो झाडं वाढवली. 2024 मध्ये बाबांना पद्मश्री जाहीर झाली. कचऱ्यात टाकलेली एक अंध मुलगी इथे वाढली, अमरावतीत पदवीपर्यंत शिकली आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन सरकारी नोकरीस पात्र ठरली.

पण सगळ्यांचं असं होणार नाही. काहींना आयुष्यभर घास भरवावा लागेल. नियमाने बालगृहातलं मूल 18 वर्षांचं झालं की त्याला बाहेर पडावं लागतं. ज्याला स्वतःचं नावही सांगता येत नाही, त्याला फाटकाबाहेर काढणं म्हणजे दुसऱ्यांदा टाकून देणंच, आणि तेही सरकारी शिक्क्यानिशी. बाबांनी वझ्झरमध्ये हे होऊ दिलं नाही. बेवारस दिव्यांगांच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा व्हावा, एवढंच ते वर्षानुवर्षं मागत आले आहेत.